वाशीचा कारागीर

थळच्या कोळीवाड्यात बोटीचे इंजिन अडले की धर्माला हाक जाई, असा एक काळ होता. पुढे नव्या इंजिनांबरोबर कंपन्यांची माणसे येऊ लागली आणि धर्माची हत्यारांची पेटी ओटीवर झाकण लावून पडून राहिली. त्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. सलत होते ते एवढेच, की त्याच्या एकुलत्या एक मुलाने, केतनने, त्या पेटीत कधी डोकावूनही पाहिले नव्हते.

केतन नवी मुंबईतील एका कार्यालयात नोकरीला होता आणि खारघरला मित्रांसमवेत राहत असे. यंदा शिमग्याला येताना त्याने आपला व्हिडिओ गेमचा डबा आणला. अर्धा तास खेळले की डब्याचा पंखा घरघरू लागे, डबा तापे आणि आपोआप बंद पडे. नवाच घ्यावा, असे केतनच्या मनात होते. धर्माने डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

"गरम हवेला बाहेर जायला वाट न्हाय याच्यात."

"बाबा, ते बोटीचं इंजिन न्हाय," केतन हसून म्हणाला. पण टाकाऊ झालेली वस्तू द्यायला त्याचे काही जात नव्हते.

धर्माने डबा उघडला. आतील धुळीचा थर कुंचल्याने झाडला, चिपची उष्णता ओढून घेणारी, पण आता वाळलेली पेस्ट खरवडून अलिबागहून आणलेली नवी लावली. पंख्यासमोरचे प्लास्टिक गोल कापून कडा कानशीने गुळगुळीत केल्या, तेथे बारीक जाळी बसवली आणि गरम हवा ओढून बाहेर टाकण्यासाठी मागे जुन्या संगणकाचा एक पंखा जोडला. दुरुस्त केलेले इंजिन हळदकुंकू लावल्यावाचून सुरू करायचे नाही, हा त्याचा शिरस्ता. त्याची बायको ठमी करंडा घेऊन आली आणि जाळीशेजारी हळदकुंकवाची दोन बोटे उमटली.

त्या दिवशी केतन संध्याकाळभर खेळला. डबा कोमटसुद्धा झाला नाही. "मस्त झालं, बाबा," तो म्हणाला. धर्माने त्याला बजावले, की जाळी दर महिन्याला पुसायची, नाहीतर धूळ पुन्हा वाट अडवील. केतनने पडद्यावरची नजर न काढता मान हलवली. आपली पेटी आता याला दाखवावी, असे धर्माने मनाशी ठरवले.

सकाळी तो पेटी उघडून ओटीवर बसला होता. आत केतन मित्रांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. खिडकीतून धर्माला दिसले, की मोबाईल डब्याकडे वळवण्याआधी केतनने सदऱ्याच्या टोकाने हळदकुंकू पुसून काढले. मित्रांनी कामाची तोंडभरून स्तुती केली आणि कोणी केले म्हणून विचारले.

"वाशीला एक माणूस आहे," केतन म्हणाला.

एकाने त्या माणसाचा नंबर मागितला. त्याचाही डबा तापत होता.

"आता नाही करत तो. म्हातारा झालाय."

धर्माने हातातला पाना जागच्या जागी ठेवला आणि पेटीचे झाकण लावले. सारा वाडा होळीवर गेला तेव्हा तो घरीच राहिला. ठमीने कारण विचारले, तर गुडघा दुखतो म्हणाला.

पावसाळा सरताना केतनचा फोन आला. डबा पुन्हा बंद पडू लागला होता. जाळी पुसतोस का, असे धर्माने विचारले. ते राहूनच गेले होते.

"दिवाळीला येताना आणतो, बाबा. जरा बघाल?"

असा फोन यावा म्हणून धर्माने अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. त्याची नजर पेटीकडे गेली. ठमीने तिच्यावर सुक्या बोंबलांची टोपली ठेवली होती.

"वाशीला माणूस हाय ना," तो सावकाश म्हणाला, "त्यालाच दाखव."

मग केतन "बरं" म्हणाला.

दिवाळीला तो एकच दिवस आला, रिकाम्या हाताने. करंज्यांचे ताट मध्ये ठेवून बापलेक अलिबागच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलत बसले.