सदाफुलीचं इंजेक्शन

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा मी भिवंडीजवळच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. बाबा पॉवरलूमवर कामाला होते. कापसाची धूळ आणि बिडी, दोन्ही वर्षानुवर्षं छातीत गेलेलं. त्यामुळे त्यांच्या खोकल्याचं घरात कुणाला काही वाटेनासं झालं होतं. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ऑपरेशन होणार नाही. इंजेक्शनं देऊन बघू. बरे होतील असं मी म्हणत नाही, पण गाठ लहान होईल." माझा चेहरा बघून असेल, जरा थांबून म्हणाले, "यातलं एक औषध सदाफुलीपासून काढतात, माहीत आहे?"

सदाफुली आमच्या दारातच होती. कुणी लावलेली नव्हती, मोरीच्या पाण्यावर आपली वाढलेली. घरी आल्या आल्या मी आईला हे सांगितलं. कितीतरी दिवसांत घरात सांगण्यासारखं काही चांगलं घडलं नव्हतं.

"आपल्या दारातली हाय, तीच?" आईनं विचारलं.

"तीच."

आई दारात जाऊन झाडाकडे बघत उभी राहिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या इंजेक्शनानंतर बाबांचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात. पुन्हा इस्पितळात नेलं. "घरी दुसरं काही देता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मागे उभी असलेली आई पदर चावत होती.

"मी देते," ती म्हणाली. "सदाफुलीच्या पानांचा काढा. रोज सकाळी. तुमीच सांगितलंत ना पोरीला?"

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडणार. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "आई, गाडीभर पानांतून चिमटीएवढं औषध निघतं. बाकी पानांत काय काय असतं, ते पोटात गेलं तर विष होतं. आता देऊ नका."

"न्हाय देणार," आई म्हणाली. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

बाबा त्यातून सावरले. पुढच्या इंजेक्शनांनी गाठ खरंच लहान झाली. खोकला कमी झाला, जेवण जाऊ लागलं. एक दिवस त्यांनी आपण होऊन बोंबलाचं कालवण मागितलं. मग म्हणाले, "सोमवारपासून ड्युटीला जातो."

मी नको म्हणत होते, तरी बाबा गेले. दुपारीच परत आले.

इंजेक्शनांनी त्यांची बोटं बधिर झाली होती. तसं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लूमवर धागा तुटला की कारागीर डोळे मिटूनही गाठ मारतो. बाबांना तर धागा चिमटीत आलाय की नाही, हेच कळत नव्हतं. मालक बरा माणूस, "चाचा, आराम करो," म्हणाला. त्यानंतर बाबा ओट्यावर बसून सुताचे दोन तुकडे घेऊन गाठ मारायला बघायचे. सुटायची, की पुन्हा. मी एकदा म्हटलं, "बाबा, द्या इकडे." त्यांनी हात मागे घेतला. "नको. बोटांना सवय राहू दे."

चार महिने बरे गेले. मग डोकं दुखायला लागलं, शब्द अडखळायला लागले. आजार मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. महिन्याभरात बाबा गेले. शेवटी मला ओळखत नव्हते. आईला मात्र ओळखायचे.

तेराव्यानंतर आईनं मला विचारलं, "माझ्या काढ्यानं गेले का गं?"

मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. म्हणून एका रविवारी मी मुद्दाम मुंबईला गेले. डॉक्टर वॉर्डात भेटले. म्हणाले, "काढा थांबवल्यावर ते चार महिने चालते-फिरते होते. काढ्यानं नाही गेले, आजारानं गेले. आईला माझं नाव घेऊन सांगा."

मी तसंच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तो खरंच असं बोलला, का तूच सांगतेस?"

"खरंच बोलले, आई."

ती मान हलवून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पुढची कितीतरी वर्षं मधूनच ती हाच प्रश्न विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचे. तिला सदाफुलीचं मीच सांगितलं होतं, याबद्दल मात्र तिनं मला एकदाही बोल लावला नाही.