अपुऱ्या वाचनामुळे

माझी धाकटी बहीण महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवीत असे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या समासात ती तांबड्या शाईने एकच शब्द लिही: ‘कोणाचे?’ वाक्य दुसऱ्याचे असेल तर त्याचे नाव द्यावे, एवढीच तिची अपेक्षा. मुले तिला ‘कोणाचे बाई’ म्हणत. “बाईंना नमस्कार केला तरी विचारतील, कोणाचा?” हा विनोद तिनेच मला जेवताना सांगितला होता, आणि हसता हसता तिला ठसका लागला होता.

विभागप्रमुखांच्या नव्या ग्रंथावर चर्चासभा झाली, तीत ती उभी राहिली. ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातून जसेच्या तसे उचलले आहे, असे तिने शांतपणे सांगितले. दोन्ही मजकूर तिने ओळीला ओळ लावून वाचले होते. सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढे कार्यालयाने तिच्यासमोर टंकलिखित माफीनामा ठेवला: ‘अपुऱ्या वाचनामुळे मी निराधार विधान केले.’ सही न केल्यास तिचे संशोधन-मार्गदर्शन काढून घेण्यात येणार होते. तिच्याकडे तेव्हा एकच विद्यार्थिनी होती. प्रबंध पूर्ण झालेला. मात्र मार्गदर्शक बदलल्यास नोंदणी नव्याने करावी लागे, आणि तिला शिकण्यासाठी घरून मिळालेली मुदत तर संपत आलेली.

ती मुलगी आमच्या घरी आली.

“मॅडम, करून टाका ना सही. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग सभेत सगळे गप्प का बसले?”

“तुमच्यासारखं बोलणं कुणाला परवडतं, मॅडम?” मुलगी बोलून गेली आणि खाली मान घालून रडू लागली. बहिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मुख्य लिपिकांना विनंती केली, “एवढे दोनच शब्द काढा. ‘अपुऱ्या वाचनामुळे’. त्याऐवजी ‘उद्धटपणामुळे’ लिहा हवं तर.”

“बाई, मसुदा वरून आलाय. माझ्या हातात काय आहे?”

तिने सही केली. माफीनामा सूचनाफलकावर लागला. मुलीला पदवी मिळाली. परगावी नोकरीही लागली. बहिणीने मात्र मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली. वर्गात उभे राहिले की शब्द फुटत नाही, असे ती म्हणे.

पुढे एकदा दोघेच बसलो असता मी म्हणालो, “अगं, तुझ्यामुळे त्या पोरीचं आयुष्य मार्गी लागलं.”

“हो, दादा. तेवढं बरं झालं.” ती म्हणाली. “पण ते वाक्य माझं नव्हतं रे.”

“मला ठाऊक आहे.”

“तुला ठाऊक आहे. पण खाली नाव माझं आहे ना.”