मोरू हेडफोन पारखतो

...तर मोरूने नातीचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, इथपर्यंत आलो होतो काल. मनोजच्या दुकानात. आणि चष्म्याच्या काड्यांवर तो महागातला हेडफोन. मनोज माझ्याकडे बघतोय, मी मनोजकडे बघतोय, आणि मोरू भिंतीकडे बघतोय. त्याला वाटतंय, आपण मनोजशी बोलतोय.

पण काल जे नव्हते त्यांना आधी मोरू सांगितला पाहिजे, नाहीतर गंमत वाया जायची.

मोरू आणि मी कोन गावचे, एका शाळेतले. घरची भातशेती भावाभावांत वाटली गेली तसा तो भिवंडीत कापडाच्या लूमवर लागला. आधी कारागीर, मग जॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम हात लावून चालता करणारा माणूस. आता घरी असतो. घर कारखान्याला चिकटून, मधे एक भिंत. जन्मभर त्याने एकच नियम पाळला, चालवून बघितल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही. सुनेसाठी मिक्सर घ्यायला गेला, तर खिशातून सुक्या मिरच्या घेऊन गेला आणि दुकानातच दळल्या. दुकानदार शिंकतोय, गिऱ्हाईक रस्त्यावर पळालंय, आणि हा नाकाला टॉवेल लावून विचारतो, "याच्याहून बारीक काढणारा हाय काय?" तो मिक्सर अजून चालतो, हेही सांगायला पाहिजे.

त्याची नात ऋतिका बारावीला आहे. पोरीला नर्स व्हायचंय. पण पूर्वपरीक्षेत फिजिक्समध्ये आपटली. तिचा बाप चंद्रा म्हणाला, "परीक्षेत अशीच आपटली तर दापोड्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगला लावीन." चंद्रा बोलला की करतो. मोरूच्या जिवाला घोर लागला. त्याने भिशी उचलली आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला. "चल मनोजकडं. पोरीच्या अभ्यासाला हेडफोन घ्यायचा हाय. चांगल्यातला चांगला."

मी लगेच चपला घातल्या. मनात म्हटलं, बरोबर आहे, भिंतीपलीकडे दिवसभर लूम खडखडतात, त्यात पोरीने वाचायचं कसं?

मनोज हा मोरूच्या बहिणीचा मुलगा, म्हणून त्याने पुढचं सगळं सोसलं. त्याने शोकेसमधून हेडफोन काढला. अख्खा कान झाकणारा नव्हे, कानावर टेकून बसणारा. गादी अशी मऊ की बोट लावलं तर बोट काढावंसं वाटू नये.

"मामा, आधी गाणं ऐका."

मोरूने डोळे मिटून ऐकलं. "आयला, ढोलकीवर बोट घासलेलं पण ऐकू येतं रे!"

मनोज फुलला. "मग बांधू?"

"आवाज पास. आता कान."

आणि हेडफोन घालून तो स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाईकं आली, गेली. चहा आला, तोही हेडफोन घालूनच प्यायला. मी म्हटलं, "अरे, चहापुरता तरी काढ." तर म्हणाला, "जबडा हलतो तेव्हा कुठं दाबतो ते बघाय नको?" कान लाल झाला का, ते मला बघायला लावलं. झाला होता थोडा. मी म्हटलं, तुझा कान मुळातच तसा आहे.

मग खिशातून ऋतिकाचा जुना चष्मा निघाला.

"मामा, तिचा नंबर तुम्हाला कसा चालेल?"

"नंबर डोळ्याला असतो. मी कान तपासतोय."

आणि चष्मा चढवून त्याने वर हेडफोन बसवला. काडी कानाच्या वर रुतत होती. मनोजने पट्टी सैल केली, वर सरकवली, खाली सरकवली. "उजवीकडं अजून रुतते," मोरू म्हणाला, "पण खपेल. आता गाणं बंद कर. ते बाहेरचा आवाज खाणारं बटण हाय ना, ते दाब, आणि चल लूमवर."

"लूमवर? मामा, शोकेसमधला पीस आहे तो!"

पण मोरू दुकानाच्या पायऱ्या चाचपत उतरलासुद्धा. पुढे तो, दोन्ही हात समोर धरून. त्याचा दंड पकडून मी. मागे मनोज, रिकामा डबा छातीशी धरून. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतायत.

कारखान्यात नसीम लूम चालवत होता. खडखडाट असा की शेजारच्या मनोजचं मला ऐकू येईना. मोरू मधोमध उभा राहिला. एकाएकी त्याचा चेहरा बदलला. तरातरा पहिल्या लूमपाशी गेला आणि हँडल ओढलं. लूम बंद. दुसरा बंद. मला काही कळेना. तिसऱ्याला हात घातला तसा नसीम पलीकडच्या टोकावरून ओरडत धावला.

"अरे ओ चाचा! चालू लूम काहे बंद कर रहे हो? दिमाग ठिकाने पे है?"

मोरू शांतपणे म्हणाला, "लाईट गयी ना! हँडल नको ओढायला? लाईट आली की झटका बसेल, सूत तुटेल!"

"कहाँ गयी लाईट? ऊपर पंखा देखो!"

मोरूने नातीच्या चष्म्यातून वर बघितलं. "कुठाय पंखा?"

आमच्या इथे लूम गप झाले की त्याचा अर्थ एकच, लाईट गेली. मग जुन्या माणसाचा हात आपोआप हँडलकडे जातो. हेडफोनने लूम गप केले होते, उरलेलं काम चष्म्याने केलं. मी हसून हसून सुताच्या गठ्ठ्यावर बसलो.

मोरूने चष्मा काढला, हेडफोन काढला, आणि सगळा खडखडाट अंगावर पडल्यासारखा दचकला. हे बघून नसीमही हसला. बंद लूम त्याने चालू केले. मला वाटलं, झालं, हेडफोन पास. पण मोरूने तो पुन्हा कानावर ठेवला आणि नसीमला म्हणाला, "अब बोल."

"क्या बोलूँ, चाचा?"

"मघाशी बोललास तसाच बोल. गाली दे, चालेल."

नसीम लाजला. "माफ करो चाचा, गलती हो गयी."

मोरूचा चेहरा उतरला. हेडफोन काढून त्याने मनोजच्या हातात दिला. "ठेव डब्यात. न्हाय चालत."

बाहेर गल्लीत आल्यावर मनोज कळवळून म्हणाला, "मामा, लूमचा आवाज गेला ना?"

"गेला."

"मग?"

"नसीमचा न्हाय गेला."

मनोज माझ्याकडे बघतोय, मी मनोजकडे. आवाज पास, कान खपेल, लूम गप, आणि माल नापास! असा निकाल कुठल्या शाळेत लागतो?

मनोजला दुकानात सोडून आम्ही घरी निघालो, मोरू मान खाली घालून. त्याला बरं वाटावं म्हणून मी राहनाळच्या लग्नात मांडवात घुसलेल्या बैलाची गोष्ट सांगितली. तो हूं हूं करत राहिला. दारातून आत बघितलं, तर ऋतिका त्याच लूमच्या भिंतीला टेकून वाचत बसली होती. भिंत हादरत होती आणि पोरीची मान पुस्तकातून हलत नव्हती. माझा गोंधळ आणखीच वाढला.

मी म्हटलं, "मोरू, बाबा, आता सरळ सांग. लूम गप झाले, तरी हेडफोन नापास कसा?"

त्याने मला दंडाला धरून दारापासून लांब नेलं आणि हळूच म्हणाला, "लूमचं तिला काय पण न्हाय रे, पाळण्यात होती तेव्हापासून ऐकते. लूम काय बोलतो? खडखड, खडखड. त्याला शब्द कुठं हायत? आपण रोज संध्याकाळी तिच्या खिडकीखाली बसतो, तिथं नुसते शब्द. परवा मी तिला फिजिक्सचा नियम विचारला, तर तिनं मला तुझा बैल सांगितला, मांडवासकट. म्हणून म्हटलं, हेडफोन घेऊ, तुला गप बस म्हणायला नको. तर त्या मेल्यानं लूम खाल्ले आणि माणूस ठेवला. आता परीक्षा होईपर्यंत आपण नसीमकडं लूममध्ये बसू. तिथं तू पाहिजे तेवढं बोल, मला पण ऐकू येणार न्हाय."