धूळ येतीय

शरणप्पा सरांनी आम्हाला सोलापुरात आठवीला इंग्रजी शिकवलं. कवितेत ‘हार्कन’ शब्द आला की त्यांचं डोकं फिरायचं, कारण गाईडात अर्थ एवढाच असायचा: ऐकणे.

"ऐकायला काय, भिंतीलापण कान असतात की!" सर म्हणायचे. "हा जुना शब्द. आता बोलण्यात कुणी वापरत नाही, पुस्तकातच सापडतो. हार्कन म्हणजे समोरच्याचं मनावर घेऊन उठणं."

मग धडा थांबवून ते हळूच म्हणायचे, "धूळ येतीय." खिडकी लाव, असं सांगायचे नाहीत. जो आपणहून उठून खिडकी लावेल, त्याला हार्कन समजलं. दरवेळी त्यांची मुलगी उत्कर्षाच उठायची. ती आमच्याच वर्गात होती आणि मला तिचा भयंकर राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी तिला नातेपुत्याला दिली. चौथ्या महिन्यात तिचा फोन आला. मागे सासूचा आवाज येत होता.

"अप्पा, हितं लई धूळ येतीय," ती म्हणाली.

"उन्हाळाच हाय की. खिडक्या लावून घे," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

संध्याकाळी टेबलावरची धूळ पुसता पुसता त्यांना तिचं बोलणं उमगलं आणि ते फडकं टाकून खाली बसले. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, आत्ताच निघू, एसटी हाय." सर उठले नाहीत. चार महिन्यांत लेक परत आणली तर लोक काय म्हणतील? दिवाळीला आणू, निवांत विचारू. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा सरांचा संताप आला, अजून येतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना उठवलं आणि स्वतः बसून राहिले.

दिवाळीला ती आली. पार वाळली होती. मनगटावरचा डाग तिने बांगड्यांखाली सारला. काकूंनी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, आई." पाडव्यानंतर ती नवऱ्याबरोबर परत गेली.

आता सर कुणालाच काही शिकवत नाहीत. पोरगी आपल्याच हातानं घालवली, एवढंच बोलतात. गेल्या रविवारी मी गेलो, तेव्हा तिचा फोन नेमका लागला. स्पीकर चालू होता.

"उत्कर्षा, धूळ येतीय का गं? नुसतं व्हय म्हण, मी आत्ता निघतो."

पलीकडे बांगड्या वाजल्या.

"नाही अप्पा," ती म्हणाली. "मी खिडक्या लावून घेतल्यात."