फ्र मधली तिरकी रेघ

सिंगापूरसारख्या निर्धास्त शहरात आमच्या घरमालक काकांइतका घाबरणारा माणूस शोधून सापडणार नाही. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत ते आयुष्यभर सुरक्षा अधिकारी होते, म्हणजे भिणे हाच त्यांचा पेशा. निवृत्त झाल्यावर सवय कुठे जाणार? बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या खोलीत मी राहायला गेलो, तेव्हा गॅस, लिफ्ट आणि ड्युरियन हे उग्र वासाचे फळ यांच्याबद्दलच्या सूचना त्यांनी मला लेखी दिल्या. पण त्यांचे खरे भय बैठकीतल्या ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या कपाटात होते. त्यात कैसरच्या काळातली जर्मन पदके होती. तेव्हाच्या जर्मनीत आपल्या सांगली-मिरजेसारखी संस्थाने होती. जितके संस्थान चिमुकले, तितके त्याचे पदक दुर्मीळ. पदकांना दमट हवा लागू नये म्हणून कपाट अखंड चालू असे. काका-काकू मात्र पंख्याखाली घाम पुसत बसत.

नकली पदकाला तर ते भुतासारखे भीत. नवे पदक आले की हातमोजे घालून त्याला लोहचुंबक लावत, मग पडदे ओढून फितीवर अतिनील टॉर्च मारत. जुनी फीत काळीच राहते, अलीकडचा धागा चमकतो. एकदा तो उजेड माझ्या धुतलेल्या शर्टावर पडला आणि मी काजव्यासारखा उजळलो. "तू नकली निघालास," काका गंभीरपणे म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "नकली असला तरी भांडी घासतो. राहू दे त्याला."

पदकाच्या कडेवर नाव कोरलेले असले, की त्या माणसाचा शोध सुरू होई. जुन्या लष्करी याद्या भिंगातून वाचून काका नोंदी कार्डावर देवनागरीत उतरवत, कारण दुसरा संग्राहक शोध चोरेल ही धास्ती. जर्मन संक्षेपही देवनागरीतच. 'गेफ.' म्हणजे रणात पडला, 'गेफ्र.' म्हणजे हुद्दा, आपल्याकडचा लान्स नायक. मी घरातला पहिला पदवीधर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शुद्धलेखनाचे बक्षीस मिळवलेला. त्या एका भांडवलावर काकांनी मला पत्रे टाइप करायला बसवले, याचे मला फार अप्रूप होते.

एकदा एका पदकवाल्याची नात जर्मनीत सापडली. वृद्ध बाई, आजोबांना तिने कधी पाहिले नव्हते. एरवी काका प्रत्येक पत्र सात वेळा तपासत, पण त्या दिवशी मोतीबिंदू काढल्यामुळे त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. कार्ड वाचून मीच ईमेल लिहिले आणि धाडले: तुमचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी धारातीर्थी पडले.

दोन दिवसांनी पाया लेबारच्या कामावरून घरी येताना एमआरटी मेट्रोत तिचे उत्तर उघडले. एकच ओळ होती. माझे वडील युद्ध संपल्यानंतर तीन वर्षांनी जन्मले, मग ते कोणाचे?

घरी जाऊन कार्ड पाहिले. 'गेफ्र.', आणि पुढे तो हुद्दा मिळाल्याचे साल. फच्या पोटातली तिरकी रेघ स्वच्छ होती. मीच ती खाल्ली होती. गुपचूप दुरुस्ती पाठवून मोकळे व्हावे, असेही मनात आले. पण ज्यांनी मला या शहरात छप्पर दिले, त्यांना फसवण्याची भीती जास्त मोठी ठरली. मी सांगितले. काकांनी पट्टी सरकवून कार्ड डोळ्याशी धरले. म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्याला भ्यालो. या एका रेघेला भ्यायचं राहून गेलं. अक्षर माझंच बारीक आहे, बाळ." कार्डावरचे अक्षर टपोरे होते, हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

दुरुस्ती त्यांनी स्वतः सांगितली, मी लिहिली. बाईचे उत्तर येईपर्यंत काका जेवले नाहीत, मीही नाही. तिने लिहिले: "दोन दिवस मी कोणाची नात आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आता पुन्हा ठाऊक आहे. आभारी आहे."

पदकाला वारा लागू न देणाऱ्या काकांनी ते पदक तिला पाठवून दिले. मी आता दुसरीकडे राहतो. परवा भेटायला गेलो तर ड्राय कॅबिनेटमधली ती जागा अजून दुसऱ्या पदकाला दिलेली नव्हती. तिथे कार्ड ठेवले आहे, आणि फ्र मधली रेघ लाल शाईने जाड केली आहे. काकांनी माझ्यादेखत कपाटाचा आर्द्रतेचा काटा दोनदा तपासला. कागदालाही दमट हवा सोसत नाही, म्हणाले.