पोस्टमनवरचा आळ

लेक उन्हाळ्यात पुण्याहून आली तेव्हा तिनं माझ्या हातात एक खोका ठेवला. आत चार डीव्हीडी होत्या. वरच्या फोटोत जाडसर, गळ्याला मफलर गुंडाळलेला, नाकाशी रुमाल धरलेला माणूस.

"आई, लहानपणी तू जिची गोष्ट सांगायचीस, ती हीच ना मालिका?"

हीच. कायम सर्दी झालेला गुप्तहेर. त्याला कसलाही वास यायचा नाही, म्हणून तो सगळं डोळ्यांनी आणि कानांनीच ओळखायचा. मालिका काळीपांढरी, आणि जळकोटला आमच्या गल्लीत ज्या एका घरात टीव्ही होता, तोही काळापांढराच. आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्या घरात अख्खी गल्ली मावायची. पोरं पुढं जमिनीवर, बाया भिंतीला टेकून, आणि पुरुष माणसं उंबऱ्याच्या बाहेर उभी. त्यांना तसा टीव्हीचा नाद नव्हता, ती सहज तिथून चाललेली असायची.

लेक दोन दिवसांनी परत गेली. माळ्यावर डीव्हीडी प्लेयर पडून होता, तिच्याच लग्नाची सीडी बघायला घेतलेला. आमच्या ह्यांनी तो उतरवला, धूळ झटकली, वायरी जोडल्या. हे तामलवाडीचे, आणि मीही लग्न करून इथंच आले. ह्यांनी ती मालिका कधी पाहिली नव्हती. पहिल्या भागापासूनच हे खुनी ओळखायला लागले. कोण दारातून आत आला की लगेच, "हाच बघ." दर भागात ह्यांचे पाच-सहा खुनी व्हायचे. एकही बरोबर निघाला नाही, तरी उत्साह कमी झाला नाही.

तिसऱ्या डीव्हीडीवर तो भाग लागला आणि मी सरळ होऊन बसले.

शेठजी बंद खोलीत मरून पडलेले. पुतण्या, स्वयंपाकी, वकील आणि पोस्टमन, चौघांवर संशय. हा भाग मी अकरा वर्षांची असताना पाहिला होता. म्हणजे अर्धाच. त्या दिवशी मी येरमाळ्याला मावशीकडं गेले होते. दिवसभर देवीच्या डोंगरावर चढउतार केलेली, त्यामुळं संध्याकाळी मावशीच्या शेजारच्या टीव्हीसमोर बसले आणि ऐन रहस्य उलगडायच्या वेळी मावशीच्या मांडीवर झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी जळकोटला आले तर गल्ली माझीच वाट बघत होती. आदल्या संध्याकाळी जळकोटची लाईट नेमकी त्याच वेळी गेली होती. कुणीच शेवट पाहिला नव्हता. टीव्हीवाल्या काकूंनी मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "सांग बाई. कुणी मारलं?"

मी झोपले होते, हे माझ्या तोंडून निघेना. सगळी मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, असं आधी कधी झालं नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला सायकलची घंटी वाजली. आमचे पोस्टमनकाका टपाल घेऊन येत होते.

"पोस्टमननं," मी म्हणाले.

मग थांबता येईना. पिशवीला खाली चोरकप्पा होता, चाकू त्यातच होता, पत्र देताना शेठजी चष्मा शोधायला वळले आणि तेवढ्यात... बायांनी तोंडावर हात धरले. काका सायकलवरून उतरले, जरा वेळ ऐकत थांबले आणि टपाल वाटून गेले.

त्या दिवसापासून त्यांचं नाव 'खुनी' पडलं. पोरं ओरडायची, "आला, खुनी आला!" शाळेचे गुरुजीसुद्धा म्हणायचे, "या, आज चाकू आणलाय की मनिऑर्डर?" काका हसायचे. पण एकदा आमच्या घरचं पत्र माझ्या हातात देताना ते माझ्याकडं न बघताच गेले, असं मला वाटलं. ते वाटणं पुढं कितीतरी वर्षं माझ्या पोटात राहिलं.

आता ह्यांच्या शेजारी बसून मी खरा शेवट पाहिला. खून वकिलानं केला होता. आणि पोस्टमननं? शेठजींचं एक पत्र त्यानं वकिलाला हात न लावू देता सांभाळून ठेवलं होतं, त्या पत्रावरूनच सगळं उघडकीला आलं. गुप्तहेर नाक पुसत त्याला म्हणाला की या घरात इमानदार माणूस तू एकटाच.

"अरेरे," हे म्हणाले, "मी तर पोस्टमनच धरला होता."

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "काका हायेत का अजून?"

होते. सत्तरीच्या पुढं गेले होते, पण होते.

पुढच्या रविवारी सकाळी ती डीव्हीडी आणि प्लेयर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि आम्ही दोघं एसटीनं जळकोटला गेलो. काका अंगणात बाजेवर शेंगा फोडत बसले होते. पोस्टमनकाकूंनी कानडीत "बा, बा" करत आत घेतलं, पाणी दिलं. मी गोडगोड बोलत वेळ काढला. शेवटी ह्यांनी कोपर मारलं.

"काका," मी म्हणाले, "ती मालिका आठवती का? सर्दीवाल्याची? त्यात खून पोस्टमननं केला न्हवता. मी शेवट पाहिलाच न्हवता. झोपले होते. खोटं सांगितलं."

काकांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "मला म्हाईत हाय की."

"काय?"

"त्या दिशी मी सोलापुरात भावाकडं होतो. तिथं लाईट होती. वकिलानं मारलं."

"मग तुम्ही बोलला का न्हाय?"

"बोलणारच होतो. सायकलवरून उतरलो ते त्याच्यासाठीच. पण तू काय सांगत होतीस पोरी! ते चोरकप्पा काय, चष्मा काय. टीव्हीवाल्यापरीस तुझं लई झकास होतं. म्हणलं, राहू दे. एवढ्या माणसांत लेकरू खोटं पडल."

"आणि लोकं तुम्हाला खुनी म्हणत होती त्याचं?"

"आधी मला कोण इचारत होतं? टपाल टाक अन् पुढं चल. त्याच्यानंतर घरोघरी बसवून घ्यायची. 'खुनी, च्या घे.' सत्रा घरी सत्रा कप च्या." ते हसले. "पित्त झालं तेवढं."

"एकदा माझ्याकडं न बघता गेलात तुम्ही."

"हसू येत होतं म्हणून."

माझे डोळे भरून आले, आणि हसायलाही येत होतं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "ह्यांना राग न्हाय. मला हाय." त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "नवीन लगीन होऊन आले होते मी. पाण्याला गेले की बाया म्हणायच्या, खुन्याची बायको आली, जागा द्या. अन् ह्या बाबानं मला एक शब्द सांगितला न्हाय, की खरं काय हाय."

काका शेंगांत मान घालून बसले. ह्यांनी पिशवीतून प्लेयर काढला.

"आता दाव," काकू मला म्हणाल्या. "एकटीला नगं. सगळ्यांला दाव."

त्या स्वतः गल्लीत फिरून आल्या. दुपारी तीनला त्यांच्या घरात पंधरावीस माणसं जमली. त्या वेळची जी राहिली होती ती, आणि त्यांच्या सुना-नातवंडं. टीव्हीवाल्या काकू काठी टेकत आल्या. त्यांना पुढं खुर्ची दिली. ह्यांनी वायरी जोडल्या. मी उभी राहून एकदाचं सांगून टाकलं की त्या वेळी मी खोटं बोलले होते, आता खरं बघा.

पडद्यावरच्या गुप्तहेरानं पोस्टमनला इमानदार म्हटल्यावर पोस्टमनकाकूंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. काका लाजून भिंतीकडं बघत बसले. एक नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर हिरो निघाला!"

टीव्हीवाल्या काकूंनी काठी आपटली. "ही डुप्लिकेट हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या टायमाला पोस्टमनच होता. मी सोता पाहिलंय. चष्मा शोधायला शेठजी वळला अन् ह्यानं चाकू काढला."

"काकू, ते मी सांगितलं होतं. तुमच्याकडं तर लाईट गेली होती."

"माझ्या टीव्हीवर काय दिसलं ते तू मला सांगू नगंस."

त्यांना कुणीच पटवू शकलं नाही. काका तर उलट त्यांच्याच बाजूला सरकून बसले आणि म्हणाले, "बरोबर हाय वैनी. म्याच मारला."

पोस्टमनकाकूंनी सगळ्यांना धपाटी आणि दही दिलं. निघताना मी प्लेयरच्या वायरी काढायला लागले तर काकूंनी माझा हात धरला. "ते राहू दे इथं. अजून एक तबकडी हाय म्हणतीस ना? ती आणून दे पुढच्या रविवारी." हे लगेच तयार झाले. एसटी येईपर्यंत ते काकांना विचारत होते, पुढच्या भागात खुनी कोण असतो. काकांना आठवत होतं, पण त्यांनी काही सांगितलं नाही.