पाणी जातं कुठे

आई साताऱ्याहून परदेशात आमच्याकडे, एनिसला, आली ती २०२०च्या फेब्रुवारीत, उन्हाळ्यापर्यंत राहायला म्हणून. दिवाळी जवळ आली तरी ती आमच्याकडेच होती. करोनामुळे परतायचं काही जमेना, आणि गुडघ्यांमुळे जिना तिला झेपेनासा झाला होता. म्हणून मागच्या छोट्या खोलीत तिचा पलंग टाकला आणि शेजारच्या संडासाची जागा वाढवून तिथे तिच्यासाठी नीट बाथरूम करायचं ठरवलं.

घर जुनं, आम्ही आदल्याच वर्षी घेतलेलं. त्या संडासातलं बेसिन पहिल्यापासून विचित्र वागायचं. पाणी सोडलं की खालून कुणीतरी मोठा घोट घेतल्यासारखा आवाज, मग शांतता, आणि थोड्या वेळाने कुजका वास. नवरा म्हणायचा, "जुनं प्लंबिंग आहे, चालायचंच."

प्लंबर गावातलाच होता. मास्क लावून मागच्या दारात उभा राहिला आणि मी काढलेला नकाशा त्याने लांबूनच बघितला.

"बेसिनला बत्तीस मिलिमीटरचा ट्रॅप पुरेल," तो म्हणाला. "पण शॉवरला पन्नासचा घेऊ. आईंना उंबरा नको ना? मग पाणी झटकन गेलं पाहिजे."

ट्रॅप म्हणजे पाइपाचं ते वाकडं वळण. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराची हवा घरात येऊ देत नाही. आमच्या बेसिनखालचा ट्रॅप दर वेळी रिकामा होत होता. पुढचा पाइप त्यातलं पाणी ओढून नेत होता, वास त्याचाच.

"आणि तुंबलं तर साफ करायचं तोंड कुठे?" त्याने विचारलं. नकाशात मी ते खोलीच्या कोपऱ्यात दाखवलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या उशाशी गटाराचं झाकण? नको गं बाई."

तो हसला. बाहेर काढू म्हणाला, भिंतीलगत. पण त्यासाठी जुना पाइप कुठून जातो ते कळायला हवं होतं. त्याने परसातल्या गटाराच्या चेंबरचं झाकण उचललं आणि मला ओरडून सांगितलं, "सोडा पाणी!"

मी नळ सोडला, फ्लश ओढला.

"सोडलं का?"

"सोडलं की!"

चेंबरमध्ये स्वयंपाकघराचं पाणी येत होतं. या बाजूच्या पाइपातून थेंबही नाही. मग त्याने बादलीभर पाण्यात लाल रंग कालवला आणि ती स्वतः संडासात ओतली. तोच घोट घेतल्याचा आवाज आला. चेंबरमध्ये लाल काहीच दिसलं नाही.

"मग जातं कुठे?" मी विचारलं.

तो आईच्या खोलीत येऊन गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर तळहात टेकवला. "हा संडास रोज वापरताय?"

"घर घेतल्यापासून."

या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. इथली काही तळी हिवाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात जमिनीतच गडप होतात. आम्ही मुद्दाम गाडी काढून ती बघायला गेलो होतो, फोटोही काढले होते. आता तेच आठवून मी दारापर्यंत मागे सरले.

आईला इंग्रजी बोलणं फारसं कळलं नव्हतं, पण आमचे चेहरे कळले. ती काठी आपटत दारापासून पलंगाकडे गेली. टक, टक, टक. पलंगापाशी आवाज बदलला. ढब.

"इथं पोकळ वाजतंय गं," ती म्हणाली.

"आई, तू आधी बाहेर ये."

"अगं पण..."

"बाहेर ये म्हणते ना!"

पलंग त्याच दुपारी पुढच्या खोलीत हलवला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने पाइपात कॅमेरा सोडला. पडद्यावर गंजका पाइप सरकत होता, मग झाडाची मुळं, मग पाइपच संपला. पुढे नुसता काळोख. कॅमेऱ्याचा उजेड कशावरच पडत नव्हता.

फरशी फोडली तेव्हा खाली काँक्रीटचा पातळ पापुद्रा निघाला आणि त्याखाली एक खोली मावेल एवढी पोकळी. वर्षानुवर्षं फुटक्या पाइपाचं पाणी माती धुऊन खडकाच्या भेगांत नेत होतं. बघायला आलेल्या इंजिनिअरला मी विचारलं, अजून किती टिकलं असतं? तो म्हणाला, "ते मला विचारू नका."

पोकळी भरली, नवा पाइप टाकला, सफाईचं तोंड बाहेर आलं. बाथरूम छान झाली. आई तिथे आंघोळीला जायची, पण झोपायला त्या खोलीत परत गेली नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी एकटी राहायची. तिचं घरही आमच्याच बरोबर बांधलेलं. मी कुंपणावरून विचारलं, तुमचं बेसिन आवाज करतं का?

"करतं की, लग्न होऊन आले तेव्हापासून," ती म्हणाली. "ग्रँड आहे सगळं." इथे "ग्रँड" म्हणजे नुसतं ठीक.

करोनाच्या धास्तीने ती कुणालाच घरात घेईना. लस मिळाल्यावर, वसंतात, तिने प्लंबरला आत येऊ दिलं. त्याच्या हातात तशीच लाल पाण्याची बादली होती. बऱ्याच वेळाने तो परसात आला, चेंबरमध्ये वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली.

त्याच आठवड्यात तिचा मुलगा तिला घेऊन गेला. उन्हाळ्यात आईही साताऱ्याला परतली. शेजारच्या दुरुस्तीचं मात्र काही हललं नाही. हिवाळा आला तेव्हाही घर तसंच बंद होतं. पाऊस लागून राहिला की मी मागच्या खोलीत जाऊन मधल्या भिंतीला कान लावायची. तिकडे नळ सोडणारं कुणी नव्हतं, तरी खाली कुठेतरी पाणी वाहत होतं.